भोवरा, खुंटी आणि खटका

कामगार चळवळीत आयुष्य घालवलेला माणूस यावलच्या व्यासपीठावर उभा राहिला, म्हणजे तो महागाईभत्त्यावर नाहीतर कंत्राटी पद्धतीवर बोलणार, असे श्रोते धरून चालतात. आणि एरवी त्यांचे काही चुकत नाही. परंतु चालकांनी विषयाची निवड आमच्यावर सोपवली, तेव्हा गेली काही वर्षे ज्या गोष्टीने आम्हांला रात्री जागवले तीच श्रोत्यांपुढे मांडावी, असे आम्ही ठरवले. ती गोष्ट म्हणजे अतिसंवाहक धातूंच्या पोटात हिंडणाऱ्या चुंबकीय भोवऱ्यांची, आणि त्या भोवऱ्यांना एकाच दिशेने चालायला लावणाऱ्या एका युक्तीची. आमचे शिक्षण कारखान्याच्या फाटकावर आणि सार्वजनिक वाचनालयात झालेले आहे. तेव्हा गणित आम्ही सांगणार नाही. माणसे, साले आणि कारणे सांगू.

प्रथम युक्ती पाहू, कारण ती आपल्या शिवारातच आहे. गव्हाची कुसळे असलेली ओंबी देठाकडून सदऱ्याच्या बाहीत सरकवावी आणि हात नुसता हलवीत राहावे. हात पुढे जातो तितकाच मागे येतो, तरी ओंबी मात्र वर वर चढत काखेपर्यंत पोचते. हा खेळ लहानपणी खेळला नाही असा शेतकऱ्याचा मुलगा खानदेशात सापडावयाचा नाही. ओंबीला वर नेणारे कोणी नसते. कुसळे एका अंगाला कललेली असतात. त्यामुळे एका बाजूची सरक सुखाने होते आणि दुसऱ्या बाजूची अडते, एवढेच. सायकलचे फ्रीव्हील उघडून पाहिले तर आत हीच करामत लोखंडात केलेली दिसते. दातेरी कडे, आणि त्याच्या दातांवर स्प्रिंगने टेकलेले खटके. पायडल उलटे फिरवले की खटके टकटक करीत दातांवरून घसरतात. सुलटे फिरवले की अडकतात आणि चाकाला ओढतात. भुसावळचे गँगमन रूळ उचलण्यासाठी जो जॅक वापरीत आले, त्यातही तेच. कारखान्यात याला रॅचेट म्हणतात. आम्हीही तोच शब्द ठेवू. यात दोन कलमे आहेत. बाहेरून मागेपुढे धक्का मिळाला पाहिजे, आणि अडवणारी वस्तू एका अंगाला कललेली पाहिजे. दोहोंपैकी एक नसेल तर काही घडत नाही.

आता भोवऱ्यांकडे वळू. दीपनगरच्या केंद्रातून निघालेली वीज आपल्या घरी येईपर्यंत तिचा काही भाग तारा तापवण्यात जातो, हे वीज कामगारांना सांगावे लागत नाही. तारेतले विजेचे कण धातूच्या अणूंच्या थरथरीवर आणि तिच्या आतल्या दोषांवर आपटत पुढे जातात. त्या आपटण्यालाच आपण रोध म्हणतो. थंडी वाढवली तर थरथर कमी होते आणि रोध घटतो. परंतु तो अगदी शून्य होईल, असे विसाव्या शतकाच्या आरंभी फारसे कोणी मानीत नव्हते.

हॉलंडमधील लायडन येथे हाइके कामरलिंग ओन्नेस यांनी १० जुलै १९०८ रोजी हेलियम वायूचे द्रव केले. हा द्रव शून्याखाली सुमारे २६९ अंशांवर उकळतो. ८ एप्रिल १९११ रोजी त्याच प्रयोगशाळेत शुद्ध पाऱ्याचा रोध या थंडीत मोजला गेला आणि तो एकाएकी मोजता येण्याच्या पलीकडे गेला. शोध ओन्नेस यांच्या एकट्याच्या नावे प्रसिद्ध झाला, आणि १९१३ चे नोबेल पारितोषिकही त्यांनाच मिळाले. ते मुख्यतः हेलियमच्या कामासाठी होते. येथे आमच्यातला संघटक गप्प बसत नाही. त्या दिवशी हेलियमचे यंत्र चालवणारा मनुष्य खेरिट यान फ्लिम होता. तो तिथला मुख्य तंत्रज्ञ. रोध मोजणारा खिलेस होल्स्ट होता. काचेच्या नळ्या फुंकणारे आणि पंप सांभाळणारे कारागीर वेगळेच. ओन्नेस यांनी १९०१ साली उपकरणे बनवणाऱ्या मुलांसाठी लायडनला शाळाच काढली होती; निळ्या अंगरख्यावरून त्या मुलांना ‘निळी पोरे’ म्हणत. ओन्नेस यांचा मोठेपणा त्यात आहे, हे आम्ही मोकळ्या मनाने मान्य करतो. कारागीर तयार केल्यावाचून शोध लागत नाहीत, हे त्यांना कळले होते. परंतु शोधनिबंधाच्या माथ्यावर नाव घालताना ते त्यांच्या ध्यानी राहिले नाही. होल्स्ट पुढे आइंटहोव्हनला फिलिप्स कंपनीच्या प्रयोगशाळेचा पहिला प्रमुख झाला, म्हणून त्याचे नाव तरी टिकले.

रोध नाही म्हटल्यावर ओन्नेस यांनी लगेच मोठ्या चुंबकाचे मनोराज्य रचले. तारेचे वेटोळे करावे, त्यात हवा तेवढा प्रवाह सोडावा, तार तापावयाची नाही आणि चुंबक कितीही जोरदार होईल. ते मनोराज्य दोन-तीन वर्षांत कोसळले. शिसे, कथील यांची अतिसंवाहकता काही शेकडा गाउस एवढ्या चुंबकीय क्षेत्रातच मरते, असे आढळले. म्हणजे तारेने निर्माण केलेले चुंबकत्वच तारेचा घात करीत होते. पुढे १९३३ साली बर्लिनमध्ये माइसनर आणि ओक्सेनफेल्ड यांनी दाखवले, की अतिसंवाहक झालेला धातू आपल्या आतली चुंबकरेषा बाहेर हाकलून देतो. रेषा आत शिरली, की अतिसंवाहकता गेली. तडजोड नाही.

तडजोड करणारे धातू आहेत, हे ज्याने नीट दाखवले त्याची गोष्ट आम्हांला सर्वांत जास्त जागवते. लेव्ह शुब्निकोव्ह याचा जन्म १९०१ चा. १९२६ ते १९३० तो लायडनलाच काम करीत होता. तेथून तो सोव्हिएट युक्रेनमध्ये खारकॉव्हला गेला आणि तेथे त्याने त्या देशातली पहिली अतिशीत प्रयोगशाळा उभारली. त्या काळी मिश्रधातूंवर कोणाचा विश्वास नव्हता. मिश्रधातू मोठ्या क्षेत्रातही अतिसंवाहक राहतात असे दिसले होते, पण ते ‘घाणीमुळे’ होते, असे थोर थोर शास्त्रज्ञ म्हणत. शुब्निकोव्ह आणि त्याच्या सोबत्यांनी शिसे-थॅलियम आणि शिसे-इंडियम यांचे एकसारखे, नीट भाजून निवळ केलेले स्फटिक घेतले आणि मोजमाप केले. १९३६ आणि १९३७ मध्ये निबंध प्रसिद्ध झाले. त्यांत असे दिसले, की अशा मिश्रधातूत चुंबकत्व एका लहान क्षेत्रापासून हळूहळू आत शिरू लागते, आणि तरीही अतिसंवाहकता कितीतरी मोठ्या क्षेत्रापर्यंत तगून राहते. हा घाणीचा खेळ नव्हता. पदार्थाचा स्वभाव होता.

१९३६ हे साल आपल्या तालुक्याला वेगळ्या कारणाने ठाऊक आहे. त्या डिसेंबरात फैजपूरला काँग्रेसचे अधिवेशन भरले. खेड्यात भरलेले ते पहिले. धनाजी नाना चौधरींनी आणि गावोगावच्या माणसांनी ते उभे केले, अध्यक्ष जवाहरलाल नेहरू होते, आणि शेतकऱ्यांच्या मागण्यांचा कार्यक्रम तेथे मांडला गेला. रशियात कष्टकऱ्यांचे राज्य आले आहे, ही गोष्ट त्या मांडवात अनेकांच्या तोंडी होती, आणि त्यात वावगे काही नव्हते. जमीनदारी आणि सावकारी यांखाली दबलेल्या माणसाने दुसरे कोणाकडे पाहावे? नेमक्या त्याच वर्षाच्या अखेरीस खारकॉव्हच्या विद्यापीठातून लेव्ह लांडाऊ या तरुण अध्यापकाला काढून टाकण्यात आले. निषेध म्हणून त्याच्या काही सोबत्यांनी विद्यापीठातल्या शिकवण्याच्या जागांचे राजीनामे दिले. शुब्निकोव्ह त्यांच्यात होता. सोबत्याला काढले म्हणून इतरांनी हत्यार खाली ठेवणे, याला आपल्याकडे सहानुभूतीचा संप म्हणतात. तेथेही त्याला संपच म्हणाले, पण पुढे ‘सोव्हिएटविरोधी’ हे विशेषण जोडून. १९३७ च्या ऑगस्टात शुब्निकोव्हला अटक झाली आणि नोव्हेंबरात त्याला गोळी घालण्यात आली. वय ३६. घरच्यांना खरी तारीख बरीच वर्षे कळू दिली नाही. स्टालिनच्या मृत्यूनंतर तो निर्दोष होता असे सरकारने लेखी कबूल केले.

आमच्या वडीलधाऱ्या सहकाऱ्यांकडून रशियाच्या पुष्कळ गोष्टी आम्ही ऐकल्या. धरणांच्या, पोलादाच्या, शाळांच्या. खारकॉव्हची ही गोष्ट त्यांत नव्हती. ती आम्हांला भोवऱ्यांचा इतिहास वाचता वाचता सापडली. चळवळीतले काही मित्र म्हणतात, जुने उकरून काय मिळणार? आमचे मत निराळे आहे. सोबत्यासाठी काम थांबवणे हा ज्या राज्यात देहदंडाच्या वाटेवरचा आरोप होतो, ते राज्य कोणाच्या का नावाने चालेना, कामगारांचे नव्हे. हे आम्ही येथे बोललो नाही, तर उद्या फाटकावर कोणत्या तोंडाने बोलावे?

विज्ञानाचेही त्यात नुकसान झाले. शुब्निकोव्हची मोजमापे वीस वर्षे जवळजवळ धूळ खात पडली. लांडाऊ स्वतः १९३८ साली तुरुंगात गेला आणि कापित्सा या शास्त्रज्ञाच्या रदबदलीने वर्षभराने सुटला. १९५० मध्ये त्याने आणि गिन्झबुर्ग याने अतिसंवाहकतेचे समीकरण मांडले. मॉस्कोत त्याच्या हाताखालच्या अलेक्सेइ अब्रिकोसोव्ह याने त्या समीकरणातून असे काढले, की काही पदार्थांत चुंबकत्व सरसकट न शिरता बारीक बारीक धाग्यांच्या रूपाने शिरते, आणि प्रत्येक धाग्याभोवती विजेचा प्रवाह भोवऱ्यासारखा फिरत असतो. लांडाऊला ते पटले नाही. निबंध काही वर्षे पेटीत राहिला आणि १९५७ साली छापून आला. त्यात अब्रिकोसोव्हने आपले गणित शुब्निकोव्हच्या आकड्यांशी ताडून दाखवले. ते जुळले. भोवरे चौकोनी जाळीत बसतात असे त्याने लिहिले होते. ते त्रिकोणी जाळीत बसणे अधिक सोयीचे आहे, हे १९६४ मध्ये इतरांनी गणिताने दाखवले. १९६७ मध्ये जर्मनीतील श्टुटगार्ट येथे एस्मान आणि ट्रॉइब्ले यांनी शिसे-इंडियमच्या पृष्ठभागावर चुंबकीय धातूचा सूक्ष्म धूर बसवून भोवऱ्यांचे फोटो घेतले, तेव्हा खरोखरच त्रिकोणी नक्षी दिसली. शुब्निकोव्हने वापरलेलाच मिश्रधातू. नोबेल अब्रिकोसोव्हला २००३ साली मिळाले.

हा भोवरा कसा असतो? पुरात तापीच्या पात्रात जसा भोवरा उठतो, मधे खळगा आणि भोवती फिरते पाणी, तसाच. मधल्या खळग्यात धातू अतिसंवाहक नसतो, साधा असतो. तेथून चुंबकत्व आरपार जाते. भोवती रोधरहित प्रवाह फिरतो. प्रत्येक भोवरा चुंबकत्वाचे अगदी ठरलेले एकच माप वाहतो, कमी नाही जास्त नाही. ते माप १९६१ साली मोजले गेले. ते इतके लहान आहे, की एक टेस्ला क्षेत्रात, म्हणजे १० हजार गाउसमध्ये, एका चौरस मिलिमीटरात सुमारे ४८ कोटी भोवरे मावतात. पृथ्वीचे चुंबकत्व फार क्षीण, तरी त्यातही तेवढ्याच जागेत वीस हजारांच्या आसपास भोवरे पडतात.

आता खरी अडचण. तारेतून प्रवाह सोडला, की तो प्रत्येक भोवऱ्याला आडवा रेटा देतो. प्रवाह पूर्वेकडे गेला तर भोवऱ्याला उत्तरेकडे किंवा दक्षिणेकडे ढकलले जाते. भोवरे सरकू लागले की त्यांच्या सरकण्याने तारेत विद्युत्‌दाब उठतो, ऊर्जा खर्च होते, तार तापते. म्हणजे ज्या पदार्थात रोध नाही असे आपण म्हणतो, त्यात भोवरा चालू लागला की रोध परत हजर. शुद्ध, निर्दोष स्फटिकात भोवरे मोकळे असतात, म्हणून तो स्फटिक चुंबकाच्या कामाला कुचकामी. भोवऱ्यांना जागच्या जागी धरून ठेवायला खुंट्या लागतात, आणि खुंट्या म्हणजे पदार्थातले दोष: परक्या अणूंचे कण, स्फटिकातल्या मोडलेल्या ओळी, भोके. शुब्निकोव्हने घाण काढून स्वभाव दाखवला. चुंबक करणाऱ्यांनी ती घाण पुन्हा मापून मापून आत घातली. १९६१ साली अमेरिकेत बेल प्रयोगशाळेत कुन्झलर आणि त्याच्या सोबत्यांनी निओबियम-कथिलाची तार ८.८ टेस्ला क्षेत्रातही प्रवाह वाहते असे दाखवले. ओन्नेसच्या मनोराज्याला पन्नास वर्षांनी पाया मिळाला. पुढल्याच वर्षी फिलिप अँडरसनने सांगितले, की खुंटीला अडकलेले भोवरेही उष्णतेच्या थरथरीने अधूनमधून उडी मारून निसटतात आणि प्रवाह अगदी हळूहळू झिजतो.

या खुंट्यांच्या शास्त्रात एक मराठी नाव आहे, आणि ते आपल्याकडे फारसे घेतले जात नाही. डॉ. जयंत नारळीकरांचे बंधू अनंत नारळीकर यांनी डेव्हिड ड्यू-ह्यूज यांच्यासह १९६६ साली निओबियमच्या ठोकून-ताणून विकृत केलेल्या मिश्रधातूंवर निबंध प्रसिद्ध केला. लोहार गार लोखंड ठोकतो तेव्हा ते कडक होते, कारण आत मोडलेल्या अणुओळींचे पुंजके उठतात आणि एकमेकांना अडवतात. तेच पुंजके भोवऱ्यांनाही अडवतात; ते कसे आणि किती, हा त्या अभ्यासाचा विषय. नारळीकर पुढे दिल्लीच्या राष्ट्रीय भौतिकी प्रयोगशाळेत अनेक वर्षे अतिसंवाहकांवर काम करीत राहिले. याच प्रयोगशाळेत १९५२ साली भारतातले पहिले द्रव हेलियम तयार झाले होते. आकाशातल्या ताऱ्यांवर बोलणारा भाऊ घरोघरी पोचला, तारेतल्या खुंट्या मोजणारा पोचला नाही. याचा दोष आम्ही कोणाला देत नाही. तारे रात्री सर्वांना दिसतात.

आता कोणी विचारील, या खुंट्यांचा यावलला काय उपयोग? जळगावसारख्या जिल्ह्याच्या गावी आता एमआरआयचे यंत्र असते. ज्या यंत्राची ताकद दीड टेस्ला म्हणून सांगतात, त्याच्या पोटात निओबियम-टायटॅनियमच्या तारेचे वेटोळे द्रव हेलियमात बुडवलेले असते. एकदा प्रवाह सोडून टोके जोडली, की बाहेरची वीज काढून घेतात आणि प्रवाह वर्षानुवर्षे फिरत राहतो. ही तार पुन्हा पुन्हा ओढून आणि भाजून तिच्यात टायटॅनियमचे सूक्ष्म कण उठवलेले असतात. ते खुंट्यांचे काम करतात. दीड टेस्लात चौरस मिलिमीटरला सत्तर कोटींहून अधिक भोवरे पडतात, आणि ते जागचे हलत नाहीत म्हणून आपल्या म्हातारीच्या मणक्याचे चित्र निघते. क्वचित एखाद्या जागी भोवरे सुटतात, सुटल्याने उष्णता होते, उष्णतेने शेजारचे सुटतात, आणि बघता बघता सारे वेटोळे अतिसंवाहकता गमावते व हेलियम उकळून नळीवाटे बाहेर जाते.

मुंबईत कुलाब्याची टाटा मूलभूत संशोधन संस्था या विषयाचे मोठे ठाणे आहे. फैजपूरचे अध्यक्ष नेहरू यांनीच १९६२ च्या जानेवारीत पंतप्रधान या नात्याने तिच्या इमारतीचे उद्घाटन केले. १९९४ साली तेथील नागराजन, गुप्ता आणि त्यांच्या सोबत्यांनी, पवईच्या आयआयटीतले पडालिया यांच्यासह, इट्रियम, निकेल, बोरॉन आणि कार्बन यांच्या मिश्रणात शून्याखाली २६१ अंशांच्या आसपास अतिसंवाहकता सापडल्याचे जाहीर केले. निकेल हा चुंबकीय धातू. त्यात हे सापडावे याचे जगाला नवल वाटले. याच कुटुंबातल्या संयुगांत पुढे भोवऱ्यांची चौकोनी जाळी दिसली. अब्रिकोसोव्हचा चौकोन कोठेतरी खरा निघाला, जरी कारण निराळे होते. २०१९ मध्ये प्रताप रायचौधुरी यांच्या गटाने मॉलिब्डेनम-जर्मेनियमच्या पातळ पापुद्र्यात भोवऱ्यांची जाळी कशी वितळते, ते अणूएवढ्या टोकाच्या सूक्ष्मदर्शकाने टिपले. ती एकदम वितळत नाही. आधी भोवऱ्यांच्या जागा मोडतात पण ओळींची दिशा टिकते, आणि मग दिशाही जाते.

आतापर्यंत भोवऱ्याला धरून ठेवण्याचा इतिहास झाला. त्याला चालवण्याचा इतिहास निराळ्या गावाहून येतो. १९१२ साली पोलिश शास्त्रज्ञ स्मोलुचोव्स्की याने एक प्रश्न टाकला. हवेचे कण सतत इकडेतिकडे आपटत असतात. एक अत्यंत लहान पंखा घेतला आणि त्याला खटका लावलेले दातेरी चाक जोडले, तर कणांच्या आंधळ्या धक्क्यांनी चाक एकाच दिशेने फिरेल काय? फिरले तर फुकट शक्ती मिळाली. उत्तर नाही असे आहे. साठीच्या दशकाच्या आरंभी रिचर्ड फाइनमनने कॅलिफोर्नियात विद्यार्थ्यांना हे फार सुरेख समजावले. चाक एवढे लहान केले, की खटकाही तेवढाच लहान होतो, आणि त्यालाही तेच धक्के बसतात. तो मधूनमधून आपोआप उचलला जातो, चाक मागे सरकते, आणि एकंदरीत काही पुढे जात नाही. सगळीकडे सारखेच तापमान असेल तर कललेला दात एकटा काही करीत नाही. बाहेरून शक्ती आलीच पाहिजे. लोहचुंबकावर फुकट चालणाऱ्या मोटारीची जाहिरात घेऊन जे लोक गावोगाव फिरतात, त्यांना पैसे देण्यापूर्वी फाइनमनचा हा खटका आठवावा.

शक्ती बाहेरून येत असेल, मग ती मागेपुढे हेलकावणारी का असेना, तर गोष्ट पालटते. बाहीतली ओंबी चढते ती हाताच्या शक्तीवर. १९९० नंतर हे गणित पुन्हा हाती घेतले गेले, कारण आपल्या पेशींतल्या सूक्ष्म यंत्रांचे चालणे त्याने उलगडते असे दिसू लागले. आणि १९९९ साली ली, यांको, देरेनी आणि बाराबाशी यांनी सुचवले, की अतिसंवाहकातल्या भोवऱ्यांनाही असेच चालवता येईल. पापुद्र्याची जाडी करवतीच्या दातांसारखी ठेवावी, एका अंगाला उतार सौम्य आणि दुसऱ्या अंगाला कडा. मग नुसता उलटसुलट प्रवाह सोडावा. भोवरे प्रत्येक हेलकाव्यात सौम्य उताराने पुढे सरकतील, कड्यावर मागे अडतील, आणि अखेर काठावरून बाहेर पडतील. याची गरज अशी, की अतिसंवाहकांची जी अत्यंत नाजूक मापनयंत्रे करतात, त्यांत पृथ्वीच्या चुंबकत्वानेच भोवरे अडकून बसतात आणि त्यांच्या हालचालीचा गोंगाट मापनात मिसळतो. खुंट्यांनी ते धरून ठेवता येतात. झाडून काढता येत नव्हते.

प्रत्यक्ष प्रयोग २००३ साली माद्रिदच्या शास्त्रज्ञांनी जपान आणि अमेरिकेतल्या सहकाऱ्यांसह प्रसिद्ध केला. निकेलच्या अतिसूक्ष्म त्रिकोणांच्या रांगा मांडून त्यांवर निओबियमचा पापुद्रा चढवला. त्रिकोण म्हणजे कललेली खुंटी; टोकाकडून सुटणे आणि पायाकडून सुटणे यांत फरक. उलटसुलट प्रवाह सोडला, तेव्हा सरासरीने शून्य यावयाचा तो विद्युत्‌दाब शून्य आला नाही. भोवरे एका दिशेने चालले होते. त्यानंतर चुंबकत्व वाढवले, म्हणजे भोवरे वाढवले, आणि तेव्हा दिशा उलटली. कारण असे: त्रिकोणांवर मावतील तेवढे भोवरे बसल्यावर उरलेले मधल्या मोकळ्या जागेत राहतात. त्यांना निकेलची खुंटी नसते. त्यांना अडवतात ते आधी जागा पटकावून बसलेले भोवरेच, आणि त्यांच्या अडवणुकीचा कल उलटा असतो. धक्का सर्वांना तोच. गिरणीत कायम कामगार आणि बदली कामगार यांना एकच भोंगा बोलावीत असे, आणि एकाच मंदीच्या धक्क्याने दोघे कोठकोठे जात, ते आम्ही जुन्या गिरणी कामगारांच्या तोंडून ऐकले आहे. पण उपमा फार ताणू नये. भोवऱ्याला पोट नसते. २००६ साली बेल्जियममधील लव्हेनच्या गटाने अॅल्युमिनियमच्या पापुद्र्यात दाखवले, की भोवऱ्यांची संख्या वाढवीत नेली तर ही दिशा एकदाच उलटते असे नाही, पुन्हा पुन्हा पालटते.

विजेच्या कामगारांना यात डायोड ओळखू आला असेल: एका बाजूने प्रवाह जाऊ देणारा, दुसऱ्या बाजूने अडवणारा. २०२० साली क्योटोच्या शास्त्रज्ञांनी निओबियम, व्हॅनेडियम आणि टँटॅलम यांचे थर एकावर एक रचून असा पापुद्रा केला, की त्यातून एका दिशेने प्रवाह रोधावाचून जातो आणि उलट दिशेने तेवढाच प्रवाह सोडला तर रोध उपजतो. यावर फार धावपळ झाली. विजेच्या कणांच्या जोड्यांतच काही नवा एकांगीपणा आहे काय, असा शोध सुरू झाला. २०२३ साली अमेरिकेत जगदीश मूडेरा यांच्या गटाने दाखवले, की साध्या पातळ पापुद्र्यांतही हा गुण दिसतो, आणि तेथे कारण पुष्कळदा काठात असते. पट्टीचा एक काठ दुसऱ्याहून वेगळा असला, की एका बाजूने भोवरा आत शिरणे सोपे आणि दुसऱ्या बाजूने कठीण होते. भोवरा शिरला की रोध आला. कोणत्या पापुद्र्यात जोड्यांचा भाग किती आणि काठावरच्या भोवऱ्यांचा किती, हे वेगळे काढण्याचे काम चालू आहे. त्यासाठी पट्ट्या कापणाऱ्याचा हात फार स्थिर लागतो, कारण कापताना एका काठावर राहिलेली किंचित खरबरीतही मापनात डायोड म्हणून उमटते.